सीताफळाला हातानं पराग लावताना

बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ आपसूक येतं, म्हणून आमच्याकडं फुलाला कुणी निरखून बघतच नाही. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मी फूल बघायला शिकले.

हे फूल आधी मादी, मग नर. पाकळ्या जराशा उकलल्या आणि आतला गोंडा, म्हणजे स्त्रीकेसरांचा झुपका, ओला, चिकट चकाकला की मादी. पाकळ्या फाकून केसर सुटे झाले की नर. दोन्ही वेळा एका फुलात सहसा जुळत नाहीत. पराग नेतात ते बारके भुंगेरे. त्यात कोरड्या उन्हानं गोंडाच वाळतो.

म्हणून संध्याकाळी पूर्ण उमलायला आलेली फुलं तोडून कागदावर पसरते. सकाळपर्यंत पराग झडतो. ऊन चढायच्या आत बोटांनी पाकळ्या हळूच फाकवायच्या, मऊ कुंचला परागात बुडवून गोंड्यावर गोल फिरवायचा. घाई अजिबात नको. फळाचा एकेक डोळा वेगळ्या स्त्रीकेसरातून बनतो. जिथं पराग पोचला नाही ती बाजू खुरटते आणि फळ वाकडं होतं.

शेंड्याची फुलं मी सोडते, जाड फांदीवरची घेते; वजन पेलतं. देठाला लाल दोरा बांधते, म्हणजे कुठलं धरलं ते कळतं.