फुगलेली प्लॅस्टिकची टाकी: ओळखावी कशी, वाळवावी कशी

भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींची पेट्रोलची टाकी लोखंडी पत्र्याची असते. ती गंजते, गळते, तिला पोचे पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण टाकी आकाराने वाढते असे सांगितले तर पुष्कळ अनुभवी मेकॅनिकही मान डोलावून विषय बदलतात. सेकंडहँड डुकाटी मॉन्स्टर 696, 795 किंवा 796 घेणाऱ्याला मात्र या गोष्टीची दखल घ्यावीच लागते, कारण या गाड्यांवरच्या रंगीत पॅनलखाली असलेली खरी टाकी प्लॅस्टिकची आहे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात ती फुगते. डुकाटीच्याच मल्टिस्ट्राडा आणि स्पोर्टक्लासिक मालिकेतल्या जुन्या गाड्यांबाबतही हीच तक्रार होती. अमेरिकेत तर ग्राहकांनी कंपनीविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि त्यात पुढे तडजोड झाली.

कारण समजून घेतले तर उपाय करताना घोटाळा होत नाही. अशा टाक्या नायलॉनच्या, म्हणजे पॉलिअमाइडच्या असतात. नायलॉन निवडण्यामागे विचार होता: शुद्ध पेट्रोल त्यातून फारसे झिरपत नाही, शिवाय ते हलके असून त्याला हवा तो आकार देता येतो. मात्र नायलॉनच्या रेणूंना पाण्याची आणि अल्कोहोलची ओढ असते. नायलॉन 6 हे पाण्यात पूर्ण भिजले तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषून घेते, आणि इथेनॉलही त्याच वाटेने रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून दूर सारते. पावसाळ्यात कोकणातल्या घराचे लाकडी दार चौकटीत अडकते, तसेच काहीसे इथे घडते. अर्धा मीटर लांबीच्या टाकीत 1 टक्का वाढ झाली तरी ती 5 मिलिमीटर भरते, आणि जिथे बोल्टचे भोक तंतोतंत जुळावे लागते तिथे 5 मिलिमीटर पुष्कळ झाले. समाधानाची गोष्ट एवढीच की शोषलेले इथेनॉल आणि पाणी बाहेर पडले की टाकी बऱ्याच अंशी परत आकसते; मात्र वर्षानुवर्षे फुगलेली टाकी पूर्ण मूळ मापावर येईलच असे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अलीकडे तीव्र का झाला, हेही उघड आहे. देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे सरासरी प्रमाण जून 2022 मध्ये 10 टक्क्यांवर पोचले, फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे सरकारने जाहीर केले. ज्या गाड्यांची आखणी 2008 ते 2012 च्या सुमारास झाली, त्यांच्या टाक्या अशा पेट्रोलासाठी बनवलेल्या नव्हत्या.

गाडी विकत घेण्यापूर्वीची पाहणी दिवसाउजेडी करावी. समोर उभे राहून डाव्या आणि उजव्या पॅनलच्या फटी सारख्या आहेत का ते पाहावे. क्लिप नीट बसत नसतील, पॅनलची कड उचललेली असेल किंवा ते दोरीने अथवा चिकटपट्टीने धरून ठेवले असेल तर संशय घ्यावा. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि हँडलचा, स्विचचा किंवा केबलचा कोणताही भाग टाकीला टेकतो का हे हात घालून तपासावे. टाकी लांबीत वाढली की तिचा पुढचा भाग स्टीअरिंग हेडकडे, म्हणजे हँडल जिथे फिरते त्या भागाकडे, सरकतो, त्यामुळे ही तपासणी सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मागचा बोल्ट सैल करून पुन्हा लावून दाखवण्याची विनंती विक्रेत्याला करावी. बोल्ट हाताने सरळ आत गेला तर ठीक. टाकी रेटल्याशिवाय भोके जुळत नसतील तर निदान झाले. स्पोर्टक्लासिकसारख्या गाडीवर टाकी थेट रंगवलेली असते, तिथे रंगाला फोड आलेले दिसतात, कारण आतून झिरपणारी वाफ रंगाचा थर उचलून धरते. एक चलाखी लक्षात ठेवावी: महिनोन्महिने रिकामी ठेवलेली टाकी आकसून नीटनेटकी दिसते, आणि नव्या मालकाने पेट्रोल भरून काही आठवडे काढले की पुन्हा फुगू लागते. गाडी बराच काळ बंद होती असे विक्रेता सांगत असेल तर दुरुस्तीची जुनी बिले मागावीत.

फुगलेली टाकी एवढ्या एका कारणाने चांगली गाडी सोडून द्यावी असे मला वाटत नाही. पण किंमत ठरवताना नव्या आयात टाकीचा खर्च धरावा, कारण वाळवण्याने काम भागेल की नाही हे आधी सांगता येत नाही.

टाकी काढण्यापूर्वी गाडी उघड्या जागी घ्यावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि जवळपास गॅसची शेगडी, देवाचा दिवा किंवा चालू पंखा नाही याची खात्री करावी. कोरड्या रसायनाचे अग्निशामक हाताशी असावे. या गाड्यांत इंधन दाबाखाली असते, म्हणून पंपाचा फ्यूज किंवा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, ते थंड होऊ द्यावे आणि मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. पेट्रोल शक्यतो धातूच्या डब्यात काढावे; पाण्याचे किंवा तेलाचे रिकामे प्लॅस्टिक कॅन या कामाला वापरू नयेत. इंधनवाहिनीचे झटपट निघणारे जोड जुन्या डुकाटीवर प्लॅस्टिकचे असतात आणि वयानुसार ठिसूळ होतात, तेव्हा ते ओढून न काढता कळ दाबून हलक्या हाताने सोडवावेत. जमल्यास याच वेळी धातूचे जोड बसवून टाकावेत. हवेची आणि उतू जाणाऱ्या पेट्रोलची अशा दोन बारीक नळ्या कुठून कुठे जातात याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण परत बसवताना नेमक्या याच उलटसुलट लागतात.

टाकी हातात आली की तिचा तळ पाहावा. साच्यातच उमटलेली पीए किंवा पीई अशी रोमन अक्षरे बहुधा सापडतात. पहिली खूण नायलॉनची आणि दुसरी पॉलिएथिलीनची. पॉलिएथिलीनवर इथेनॉलचा परिणाम कमी होतो, मात्र त्यातून पेट्रोलची वाफ झिरपते आणि त्याच्या पृष्ठभागावर जवळपास काहीच चिकटत नाही. त्यामुळे अस्तर लावण्याचा विचार असेल तर हा फरक आधीच माहीत असणे आवश्यक आहे.

यानंतर पंपाची फ्लँज (पंप टाकीला बोल्टने धरून ठेवणारी चकती), झाकण आणि सेन्सर काढून टाकी मोकळी करावी. फ्लँजची रबरी ओ-रिंगही (गळती रोखणारे गोल कडे) फुगलेली असते आणि एकदा खाचेतून निघाली की परत बसत नाही. ती नवीन मागवल्याशिवाय कामाला हात घालू नये. पंप स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या जागी वेगळा ठेवावा. टाकी उलटी करून उरलेले पेट्रोल ओघळू द्यावे आणि सर्व तोंडे उघडी ठेवून ती हवेशीर सावलीत ठेवावी. घराच्या आत, विशेषतः झोपण्याच्या खोलीत, ती ठेवू नये, कारण पहिले बरेच दिवस तिच्यातून ज्वलनशील वाफ निघत राहते. कडक उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. हीट गन, हॅलोजनचा दिवा आणि भट्टी यांचा तर विचारही करू नये, कारण वाफेने भरलेली टाकी पेट घेऊ शकते आणि प्लॅस्टिक एका बाजूने वाकडे झाले तर ते पुन्हा सरळ होत नाही.

वाळायला किती काळ लागेल हे टाकीची जाडी, हवामान आणि ती किती वर्षे भिजली यावर अवलंबून असते; आठवडे सहज जातात, कधी महिनेही लागतात. केवळ लांबी मोजून अंदाज येत नाही, कारण मोजपट्टी दर वेळी थोडी वेगळी लागते. त्याऐवजी वजन करावे. भाजीवाल्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटा किंवा सामान तोलण्याचा हुकाचा काटा पुरतो. दर आठवड्याला त्याच काट्यावर रिकाम्या टाकीचे वजन लिहून ठेवावे आणि सोबत दोन ठरलेल्या खुणांमधले अंतरही नोंदवावे. वजन घटत आहे तोवर आतून काहीतरी बाहेर पडत आहे. ते स्थिर झाले की टाकी तिच्या परीने वाळली असे समजावे. नायलॉन हवेतला दमटपणाही घेते, म्हणून हे काम मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये काढणे व्यर्थ आहे. दिवाळीनंतर सुरुवात केली तर पुढे सगळा कोरडा हंगाम हाताशी मिळतो.

टाकी वाळल्यावर आतून अस्तर लावावे का, याबद्दल दोन मते आहेत. अस्तर नोव्होलॅक प्रकारच्या इपॉक्सीचे (रसायनांना टिकणाऱ्या रेझिनचे) असेल तर ते इथेनॉलला दाद देत नाही. लोखंडी टाकीसाठी मिळणारे आम्लाने गंज काढून लावायचे साहित्य मात्र नायलॉनवर धरत नाही, आणि साधे पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडते. नायलॉनचा आतला पृष्ठभाग आधी खरवडावा लागतो. त्यासाठी मूठभर टोकदार स्क्रू टाकीत घालून ती बराच वेळ हलवावी, नंतर ते मोजून बाहेर काढावेत, अॅसिटोनने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पंपाच्या फ्लँजच्या खाचेत, आट्यांत आणि हवेच्या नळ्यांत इपॉक्सी जाऊ नये म्हणून ती तोंडे आधी बुजवावी लागतात. माझे मत असे की अस्तर ही शेवटची पायरी आहे. अर्धवट आकसलेल्या टाकीवर ते लावले तर ओल आतच अडकते, आणि पुढे त्याचा पापुद्रा सुटला तर तुकडे थेट पंपाच्या जाळीत जातात. इथेनॉल नसलेले पेट्रोल नियमित मिळण्यासारखे असेल तर अस्तराच्या वाटेला जाऊ नये.

तसे पेट्रोल खरोखर मिळते का, हे पंपावरच्या फलकावरून ठरवू नये. ऑक्टेन (इंजिनात ठोके न येता जळण्याची इंधनाची क्षमता) जास्त म्हणजे इथेनॉल नाही असा अर्थ होत नाही. इथेनॉल स्वतःच ऑक्टेन वाढवते. चाचणी सोपी आहे. 100 मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घ्यावे, तोंड बंद करून हलवावे, वाफ सोडण्यासाठी बूच एकदा उघडावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर 10 मिलीच राहिला तर पेट्रोलात इथेनॉल नाही. तो 25 मिलीच्या आसपास किंवा त्याहून वर गेला तर त्यात जवळजवळ 20 टक्के इथेनॉल आहे. हे पाणी मिसळलेले पेट्रोल परत टाकीत ओतू नये.

गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर नेहमीचा सल्ला इथे उलटा होतो. लोखंडी टाकी गंजू नये म्हणून काठोकाठ भरून ठेवतात, पण नायलॉनची टाकी रिकामी करून उघडी ठेवलेली बरी. तळाशी ग्लासभर पेट्रोल राहिले आणि झाकण लावले तरी आतली वाफ आपले काम करतच राहते.

परत बसवताना टाकी हाताने जागेवर यावी, तिला रेटू नये. एक-दोन मिलिमीटरचा फरक उरला असेल तर रबरी बुश किंवा वॉशर बदलून तो सामावून घेता येतो; फ्रेमवरचा कान घासणे किंवा टाकीचे भोक कानसीने रुंद करणे हे मात्र करू नये, कारण टाकी पुढे आणखी आकसली तर ती खिळखिळी होते आणि पेट्रोलच्या वजनाने हादरे खाते. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत, कारण नायलॉनमधले पितळी आटे जोर लावला तर सुटून येतात. पहिल्यांदा दोन-तीन लिटरच पेट्रोल घालावे, स्विच चालू करून पंपाला दाब धरू द्यावा आणि फ्लँजखाली व जोडांवर कोरडा कागद फिरवून पाहावा. रात्रभर थांबून पुन्हा पाहावे. काहीच ओले दिसले नाही तर टाकी भरावी, हँडल दोन्ही टोकांना फिरवून मधली मोकळी जागा मोजावी आणि तो आकडा तारखेसह वजनाच्या त्याच वहीत लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला ती जागा मोजली की टाकी पुन्हा वाढू लागल्याचे पॅनल सुटण्याआधीच कळते.