जुनी सोसायटी ग्रीन करायचीय? पॅनल नंतर, आधी बिलं काढा

पुण्यात हल्ली कुठल्याही सोसायटीच्या एजीएममध्ये "आपण पण ग्रीन होऊया" हा विषय निघतो आणि पाच मिनिटांत सगळे थेट सोलरवर पोचतात, कारण शेजारच्या बिल्डिंगनं बसवलंय आणि कोणाच्या तरी भाच्याची एजन्सी असतेच. माझं मत सरळ आहे, सोलर हे तिसरं-चौथं काम, पहिलं नाही, आणि गेटवर लावायची सर्टिफिकेटची पाटी तर एकदम शेवटी. हे लिहितोय ते 40 ते 80 फ्लॅटच्या, पंधरा-वीस वर्षं जुन्या, कोथरूड-बाणेर-वानवडी टाइप सोसायट्या डोळ्यासमोर ठेवून. मोठ्या टाऊनशिपवाल्यांकडे इस्टेट मॅनेजर असतो, आपल्याकडे फक्त सेक्रेटरी असतो आणि तो पण बिचारा नोकरी सांभाळून.

तर पहिलं काम, मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची लाईट बिलं, टँकरच्या पावत्या, पंप रिपेअरिंगची व्हाउचर, हे सगळं एका शीटमध्ये भरा. दोन तास लागतात. पण हे केल्याशिवाय मीटिंगला जाऊ नका, कारण तिथे पहिला प्रश्न "मेंटेनन्स किती वाढणार" हाच येणार आणि तुमच्याकडे आकडा नसेल तर विषय तिथेच संपला. "एप्रिल-मेमध्ये टँकरला इतके गेले, लिफ्ट-पंप-पार्किंगच्या लाईटला वर्षाला इतके जातात" हे स्क्रीनवर लावलं की पर्यावरणात काडीचा इंटरेस्ट नसलेले काका पण पुढे सरकून बसतात.

पाणी

आधी आपण माणशी किती वापरतो ते काढा. शहरांसाठी जो मापदंड धरतात तो माणशी दिवसाला 135 लिटर, म्हणजे चार माणसांच्या फ्लॅटला 540. मीटर नसेल तर खालच्या टाकीचा इनलेट बंद करून पातळी मोजायची, पंप चालवायचा, परत मोजायची, लांबी गुणिले रुंदी गुणिले पातळी किती उतरली ते. समजा 4 मीटर बाय 3 मीटरची टाकी अर्धा मीटर उतरली तर 6000 लिटर वर गेलं. आठवडाभर वॉचमनला वहीत लिहायला सांगा. मग रात्री एक ते चार वरच्या टाकीत पाणी येणं बंद ठेवून पातळी बघा, सगळे झोपलेले असताना टाकी उतरतेय म्हणजे कुठेतरी गळतंय, आणि दहातल्या नऊ वेळा ते फ्लश टँक असतात. नळ गळला तर दिसतो, फ्लश गळला तर कोणाला कळत नाही. त्याची टेस्ट सोपी, फ्लशच्या टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग दिसला की वॉशर गेलाय. एका रविवारी प्लंबरला सोसायटीच्या खर्चानं घरोघरी फिरवा आणि त्याच फेरीत सगळ्या नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी, लावून घ्या. ते लोकांवर सोडलं तर कोणी लावत नाही, अनुभव घ्या हवं तर. टाकीला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर नसेल तर तो पण आत्ताच, पहाटे गच्चीवरून धो धो पाणी वाहतंय आणि वॉचमन मोटार लावून झोपलाय हे पुण्यातलं नेहमीचं दृश्य आहे.

मग पावसाचं पाणी. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरा. 5000 स्क्वेअर फुटांची गच्ची म्हणजे 465 चौरस मीटर, त्यातलं 80 टक्के हाताला लागेल म्हटलं तरी 2 लाख 60 हजार लिटर होतं, दहा हजारी टँकर धरले तर सव्वीस. पण हे सगळं पाणी चार महिन्यांत येतं आणि तेवढं साठवायला जागा कोणाकडेच नसते, म्हणून थोडं टाकीत आणि बाकीचं जमिनीत हाच मार्ग. इथे लोक घाई करतात. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, कुठे मुरूम आणि भेगाळलेला दगड लागतो तिथे पाणी झपाझप मुरतं, कुठे अखंड काळा पाषाण असतो तिथे खड्डा नुसता भरून उभा राहतो आणि मग डास. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर "सर सगळीकडे हेच डिझाइन चालतं" म्हणाला तरी खड्डा खणायच्या आधी एखाद्या भूजलाच्या जाणकाराला दाखवा, राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, अ‍ॅक्वाडॅम ही याच विषयातली संस्था पण इथलीच. तुमच्याच आवारातली बोअर एप्रिलमध्ये आटत असेल तर तिच्याभोवती पावसाचं पाणी मुरवून रिचार्ज करणं बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. दोन गोष्टी मात्र नक्की पाळा, पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडायला गच्चीवरून खाली येणाऱ्या डाऊनटेक पाईपला वेगळा व्हॉल्व ठेवा, आणि पार्किंगचं पाणी बोअरमध्ये अजिबात सोडू नका, त्यात ऑइल असतं. फिल्टरची जाळी मे महिन्याच्या शेवटी साफ करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका, "कमिटी बघेल" असं मिनिट्समध्ये लिहिलं की कोणीच बघत नाही.

वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला फिरवायचं हे नव्या बिल्डिंगला ठीक आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये त्यासाठी वेगळी पाइपलाइन टाकायची म्हणजे सगळ्यांचे बाथरूम फोडायचे, सोडून द्या.

ओला कचरा

2016 च्या घनकचरा नियमांत 5000 चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी आणि रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं आलं होतं. तुमची सोसायटी त्याहून लहान असली तरी करा, कारण हे काम स्वस्त आहे आणि चुकलं तरी दुरुस्त होतं.

मशीन घेऊ नका. म्हणजे ज्यांना जागाच नाही त्यांनी घ्या, पण "24 तासांत खत" वाली जी मशीन असतात त्यातून बऱ्याचदा निघतो तो वाळवलेला कचरा, तो कुंडीत टाकला की ओला होऊन परत वास मारतो, शिवाय लाईट बिल वेगळंच. साधे विटांचे हवेशीर हौद बांधा, जाळीच्या भिंतीचे, एक भरेपर्यंत दुसरा पिकतो, दीड-दोन महिन्यांत खत होतं. जेवढा ओला कचरा तेवढाच सुका पाला, बादलीला बादली मोजून, थरावर थर. वर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडलं की विरजण लागल्यासारखं काम सुरू होतं. मूठभर हातात घेऊन दाबा, पाण्याचे थेंब पडले तर पाला कमी पडलाय, भुगा उडाला तर पाणी शिंपडा. वास येतोय याचा अर्थ जवळपास नेहमी एकच, ओलं जास्त आणि हवा कमी, पाला घालून खालीवर करा. पांढुरक्या आळ्या दिसल्या की आधी तळमजल्यावरून फोन येईल, त्यांना सांगा त्या आळ्या काम करतायत, आणि वर पाल्याचा जाड थर द्या म्हणजे दिसणार नाहीत. मे महिन्यात आंब्याच्या कोयांचा डोंगर होतो, कोया आणि नारळाच्या करवंट्या वेगळ्याच ठेवा, त्या हौदात वर्षभर तशाच राहतात. गणपतीतलं निर्माल्य मात्र छान कुजतं, फक्त हारांमधला दोरा आणि ती चमकी आधी काढा.

पाला कुठून आणायचा असं विचारताय तर पुण्यात लोक तो जाळतात किंवा पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतात, आणि पलीकडच्या गल्लीत कोणीतरी कंपोस्टसाठी पाला शोधत असतो. ब्राउन लीफ हा पुण्यातला उपक्रम याच दोघांना जोडून देतो, ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी द्यायचा, ज्यांना हवाय त्यांनी न्यायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते तेव्हाच वीस-तीस पोती भरून ठेवा, पावसाळ्यात सुका पाला सोन्याच्या भावानं पण मिळत नाही.

सुका कचरा आपल्याकडे 'स्वच्छ' संस्थेच्या ताई घेऊन जातात, ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे, त्याआधी 1993 पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना आहे. त्यांचं उत्पन्न चांगल्या सुक्या मालावर चालतं हे लक्षात ठेवा आणि एखाद्या नव्या ॲपवाल्याला फक्त तोच भाग परस्पर देऊन टाकू नका. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, हे घरोघरी सांगा, परत परत सांगा. आणि हौद सांभाळणाऱ्या माणसाला त्याचे वेगळे पैसे द्या, हातमोजे द्या. झाडूवाल्याच्या आहे त्या पगारात हे काम ढकललं की तीन महिन्यांत हौद बंद पडतो आणि मग सगळे म्हणतात कंपोस्टिंग आपल्याकडे चालत नाही.

मग लाईट, मग सोलर

पार्किंग आणि जिन्यात जुन्या चोकवाल्या ट्यूब असतील तर प्रत्येकी पन्नासेक वॅट खातात, एलईडी 20. तीस ट्यूब, रात्रीचे बारा तास, म्हणजे दिवसाला जवळपास 11 युनिट वाचले, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. जिथे रात्रभर कोणी फिरकत नाही तिथे मोशन सेन्सर. क्लब हाऊसचे जुने पंखे 70-75 वॅटचे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा घेतला तर 30-35. हे सगळं करून झालं की मग सोलरचा साइज काढा, कारण आधी सोलर बसवलं तर तुम्ही वाया जाणाऱ्या विजेसाठी पण पॅनल विकत घेताय.

गणित असं, 1 किलोवॅटला साधारण 100 स्क्वेअर फूट सावली नसलेली गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला 110-120, पावसाळ्यात कमी. तुमचं कॉमन मीटर महिन्याला 1500 युनिट खात असेल तर 13 किलोवॅट पुरतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये सबसिडी आहे, म्हणजे इथे 2 लाख 34 हजार, पण त्यासाठी पॅनल भारतात बनवलेल्या सेलचेच लागतात आणि व्हेंडर पोर्टलवर नोंदणी असलेला. कोटेशन तीन घ्या, आणि नेट मीटरसाठी (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारं मीटर) महावितरणचं काम कोण करणार, सबसिडी कोणाच्या खात्यात येणार, साफसफाई किती वर्षं कोणाकडे, हे लेखी घ्या. पुण्याच्या धुळीत पंधरा दिवसांनी पॅनल धुतले नाहीत तर युनिट घसरतात.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. आधी म्हणजे आधी. पॅनल पंचवीस वर्षं बसणार आणि खाली गळायला लागलं की सगळं स्ट्रक्चर उचलायला लागतं, मग टॉप फ्लोअरवाले सोलरच्याच नावानं बोटं मोडणार. स्ट्रक्चर डोक्याच्या वर घ्या, पापड-कुरडया वाळवायला आणि कोजागिरीला गच्ची उरली पाहिजे, नाहीतर ठराव पास होणारच नाही.

जुने सोलर वॉटर हीटर असतील तर ते भंगारात काढायच्या आधी आतला क्षार साफ करून बघा, बोअरच्या पाण्यानं ते चोंदतात. गरम पाण्याच्या पाईपवर इन्सुलेशन फाटलेलं असतं ते बदललं की सकाळी आधी वाया जाणारं थंड पाणी बरंच कमी होतं.

पुणे महापालिका मिळकतकरात सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत यातला एक प्रकल्प चालू असेल तर 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सवलत देते. "चालू" हा शब्द महत्त्वाचा, तपासणी होते आणि बंद सापडलं तर सवलत जाते. वॉर्ड ऑफिसात जाऊन सध्याचा फॉर्म आणि अटी स्वतः बघून घ्या.

एकटं करू नका

आपल्याच रस्त्यावरच्या पाच-सहा सोसायट्यांच्या सेक्रेटरींचा एक ग्रुप करा, गुड मॉर्निंग मेसेज बंदी या एकाच नियमावर. त्यात टँकरचा रेट, सोलरची कोटेशन, कुठला प्लंबर येतो आणि कुठला फक्त येतो म्हणतो, हे सगळं टाका. सहा सोसायट्यांनी मिळून एलईडी किंवा एरेटर घेतले की दुकानदार वेगळ्या भावात बोलतो, पाला बारीक करायचा श्रेडर एकच घेऊन फिरवता येतो. आणि जून-जुलैमध्ये भर पावसात एकमेकांचे रिचार्ज खड्डे बघायला जा, कोरड्या दिवशी सगळ्यांचे चांगलेच दिसतात. महापालिका 2006 पासून बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवते, तिथे एका सोसायटीच्या अर्जापेक्षा सहांच्या सह्या असलेला अर्ज बरा.

पाटी हवीच असेल तर आयजीबीसीचं, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, जुन्या निवासी सोसायट्यांसाठी वेगळं रेटिंग आहे, गृहा या दुसऱ्या ग्रीन रेटिंगचं पण जुन्या इमारतींसाठी आहे. फी आणि कागदपत्रांचा व्याप धरून विचार करा. एक वर्षाची बिलं, मीटर रीडिंग आणि कचऱ्याची वही तयार असेल तर अर्धं काम झालेलं असतं, म्हणूनच म्हटलं शेवटी.

आणि तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, कोथरूड-एरंडवण्यात आता दर दुसरी जातेय, तर नवीन काँक्रीटचं काही बांधू नका, एलईडी, एरेटर, हलवता येणारे कंपोस्ट बिन एवढंच करा. खरी संधी करारात आहे. राज्याच्या यूडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगवर जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी, मिळतो, गृहा तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हरला बेसिक एफएसआयच्या 3 टक्के, चार स्टार-गोल्डला 5, पाच स्टार-प्लॅटिनमला 7. तो एफएसआय बिल्डर घेणार असेल तर त्या बदल्यात आपल्याला काय, हे विचारा, पश्चिमेच्या खिडक्यांना खोल छज्जे, प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर, गच्चीवर सोलरसाठी मोकळी जागा, सगळं करारात नावानिशी लिहून घ्या, ब्रोशरमध्ये नको. एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा, वर्षाचा चालवायचा खर्च किती, लाईट आणि ऑपरेटर धरून, याचा वेगळा कॉलम ऑफरच्या तुलनेत करा, कारण बांधून देऊन बिल्डर जातो आणि बिल बघून नवी कमिटी तो बंद करून ठेवते. ज्याला हा आकडा सांगता येत नाही त्याला दुसरी मीटिंग देऊ नका.