सिग्नलवर कॅमेरा येतोय? आधी पिवळा दिवा मोजा

कॅमेरा बसला की लोक दंडापेक्षा ‘अहो, मी पिवळ्यातच निघालो होतो’ यावरून जास्त भांडतात. पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून मोहल्ला समितीने कॅमेऱ्याला होकार देण्याआधी पिवळा मोजून घ्यावा.

मोबाइल स्टँडवर लावून सेकंदाला ६० फ्रेमने दिव्याचा व्हिडिओ काढा. पिवळा लागल्यापासून लाल होईपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि ६० ने भागा. १८० फ्रेम म्हणजे ३ सेकंद. सकाळच्या गर्दीत आणि दुपारी, पाच-पाच फेऱ्या घ्या. रात्री नको: अंधारात बरेच फोन गुपचूप ३० फ्रेमवर येतात आणि उत्तर निम्मंच निघतं.

आता किती हवा ते काढा. ताशी वेगाला ३.६ ने भागा, आलेल्या आकड्याला ६ ने भागा, त्यात चालकाचं लक्ष जाण्यासाठी १ सेकंद मिळवा. ताशी ५० किमीला ३.३ सेकंद, ६० ला ३.८. शंभर मीटरला तीन मीटर उतार असेल तर ५० लाही ३.६ लागतात. दशांशावर हुज्जत कशाला, असं वाटेल. पण २०१४ मध्ये शिकागोत ३ ऐवजी २.९ सेकंदांच्या पिवळ्यावर पावत्या फाटल्या आणि त्यावरून रान उठलं.

थांबरेषा पुसट असेल तर आधी रंगवून घ्या. पुरावा म्हणून दोन फोटो मागा: लाल दिवा असताना गाडी रेषेमागे, आणि लाल असतानाच रेषेपुढे. एकाच फोटोत झेब्रावर थांबलेली गाडीही सिग्नल तोडल्यासारखी दिसते. फ्री लेफ्टची लेन कॅमेऱ्याच्या कक्षेतून वगळायला सांगा.

आपल्याकडची खरी गोम वेगळीच. गर्दीत हवालदार लाल असतानाही हाताने गाड्या सोडतो. कॅमेऱ्याला तो हात दिसत नाही. त्या वेळेतले चलान आपोआप बाजूला पडतील अशी नोंद नियंत्रण कक्षाकडे हवीच. रुग्णवाहिकेला वाट देताना रेषा ओलांडणाऱ्यांचंही तेच.

कागदपत्रांसाठी वाहतूक शाखेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र लागतं. चालू वर्षाची प्रत मागा. कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक आधीच्या रस्त्यावर लागलाय का, ते मात्र स्वतः जाऊन बघा.