इलेक्ट्रिक ऑफ-रोड आरसी ट्रक: टेबलावरच्या जुळवणीपासून मुरुमावरच्या पहिल्या फेरीपर्यंत

पहिला आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक १/१० मापाचा (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढा), फोर व्हील ड्राइव्ह आणि २एस लिपो (दोन सेलच्या लिथियम पॉलिमर) बॅटरीवर चालणारा घ्यावा. या मापाचे सुटे भाग सगळ्यांत सहज मिळतात. चाकाचा हब बहुतेक १२ मिमी षटकोनी असतो, म्हणून एका कंपनीची चाकं दुसऱ्या कंपनीच्या ट्रकला बसतात. साधारण १२५ मिमी व्यासाचा टायर मुरूम, वाळकं गवत, बारीक खडी सगळं पार करतो. त्याहून लहान गाड्या आपल्याकडच्या मैदानात पहिल्याच ढेकळाला अडतात.

तयार ट्रक पेटीतून काढून अर्ध्या तासात पळवता येतो, पण मोडला की कुठला स्क्रू कुठला हे कळत नाही. किट, म्हणजे सुट्या भागांची पेटी, जुळवायला तीन-चार संध्याकाळी जातात आणि ट्रकच्या पोटात काय आहे ते डोळे मिटूनही सांगता येतं. तयार घेतलात तरी पळवण्याआधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर), मोटरचे स्क्रू आणि चाकांचे नट खोलून पुन्हा नीट बसवा.

पैसे मोजके असतील तर ते आधी सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारं यंत्र) आणि बेअरिंगवर घाला, मोटरवर नाही. ताकदवान मोटर आणि प्लास्टिक गिअरचा सर्व्हो ही जोडी पहिल्या दगडाला संपते. सर्व्हो मेटल गिअरचा, १५ किलो-सेंमीच्या वरच्या ताकदीचा घ्या. स्वस्त किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश (साध्या नळ्या) येतात. ते धूळ धरून झिजतात आणि मोटरवर ओझं टाकतात. ते बसवूच नका, सुरुवातीलाच बॉल बेअरिंग घाला. ५×११×४ मिमी हे माप सर्रास लागतं. मातीत चालवायचं तर रबर सीलचीच घ्या. पत्र्याच्या झाकणाची मोकळी फिरतात खरी, पण बारीक धूळ आत जाते.

हत्यारं आणि आटे

दांड्याचे १.५, २ आणि २.५ मिमी एलन ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिमीचे नट ड्रायव्हर, निळं थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारा गोंद), ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, वक्र पात्याची कात्री. किटसोबत येणारी वाकडी एलन की बाजूला ठेवा, ती स्क्रूचं डोकं गोल करते. तामियासारख्या जपानी किटमध्ये फुलीचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही आणि घसरून फुली खातो, म्हणून जेआयएस ड्रायव्हर वेगळा घ्या.

प्लास्टिकमध्ये स्क्रू पहिल्यांदा घालताना तो स्वतःच आटे पाडत जातो. टोक साबणाच्या वडीवर घासून घ्या, मनगट दुखणार नाही. खोलून परत लावताना मात्र आधी उलटा फिरवा. एका जागी तो 'टक्' करून किंचित खाली बसतो. तिथे जुने आटे सापडले. तिथून सुलटा आवळा. हे न करता दाबून फिरवलं की नवे आटे जुन्यांना कापतात, आणि चौथ्या खेपेला स्क्रू नुसता गोल फिरत राहतो. डोकं टेकलं की थांबा.

थ्रेडलॉक फक्त धातू धातूत बसतो तिथे: मोटर माउंट, पिनियन, ड्राइव्हशाफ्टचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू. एक थेंब पुरतो. प्लास्टिकला ते लागलं तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. स्क्रू निघेना तर सोल्डरिंगचं टोक अर्धा मिनिट डोक्यावर धरा, पकड सुटते.

डिफ आणि शॉक

डिफमध्ये (डिफरन्शियल: वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) सिलिकॉन तेल घालतात. सुरुवातीला पुढे ७,००० सीएसटी (दाटपणाचं माप; आकडा मोठा तितकं तेल जाड) आणि मागे ५,००० ठेवा. पुढचं तेल पातळ असेल तर वळणावर उचललेलं आतलं चाक नुसतं गरगरतं आणि ट्रक ओढ सोडतो. मागचं फार जाड असेल तर वळताना शेपूट फिरते. तेल गिअर जेमतेम बुडतील इतकंच. काठोकाठ भरलं तर गरम होऊन फुगतं आणि गॅस्केटमधून बाहेर येतं. झाकणाचे चार स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळा.

शॉक (धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर) भरणं हे घाईचं काम नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. शाफ्ट नुसत्या पकडीने कधीच धरू नका, त्यावर एक ओरखडा उठला की तो रोज ओ-रिंग कापत राहतो. रबरी कापडात धरा. पिस्टन तळाशी नेऊन ३५ वेटचं (हेही दाटपणाचं माप) तेल काठापर्यंत ओता, पिस्टन सावकाश वरखाली करा, मग दहा मिनिटं उभं ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतील. झाकण लावताना जास्तीचं तेल सांडू द्या. कानाशी धरून शाफ्ट दाबा: गुळगुळ आवाज आला तर आत हवा आहे, पुन्हा भरा. चारही शॉक हातात सारखे लागले पाहिजेत. उन्हाळ्यात तेल पातळ पडतं, तेव्हा ४० वेट बरं.

बॅटरीसकट ट्रक ३० सेंमीवरून सपाट जमिनीवर सोडा. एकदा बसून स्थिर झाला तर जमलं. चेंडूसारखा उसळला तर तेल पातळ आहे. चेसिस दणकन आपटली तर स्प्रिंग मऊ आहेत किंवा तेल कमी आहे.

पिनियनची फट आणि गिअरचा हिशेब

सगळ्यांत जास्त ट्रक इथे मरतात. आधी पिनियन आणि स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) एकाच पिचचे, म्हणजे दातांच्या एकाच मापाचे, आहेत ना ते बघा. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल एकमेकांत चालून जातात, ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे. मोटरचे ३ मिमी स्क्रू गरजेपेक्षा लांब असतील तर आत जाऊन वाइंडिंगला भिडतात आणि मोटर जळते.

वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापा. पिनियन आणि स्परच्या मध्ये ती घालून मोटर सरकवून दाबा, स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांची नागमोडी घडी दिसावी, पण कागद फाटलेला नसावा. आता पिनियन बोटाने धरून स्पर हलवा, अगदी बारीकशी टिकटिक लागली पाहिजे. स्पर एक पूर्ण फेरा फिरवून चार जागी हे तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच पुरता गोल असतो. घट्ट बसलेला गिअर किंचाळतो आणि तापतो. सैल बसलेला करकरतो आणि दोन मिनिटांत दात सपाट करतो.

दात निवडण्याआधी कागदावर हिशेब मांडा. समजा ३,३०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला तितके फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, ७.४ व्होल्ट बॅटरी, स्पर ५४ दात, पिनियन १५ आणि गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.८५. मोटरचे फेरे ३,३०० × ७.४ म्हणजे मिनिटाला २४,४२०. एकूण गुणोत्तर ५४ ÷ १५ × २.८५ म्हणजे १०.२६. चाकाचे फेरे सुमारे २,३८०, आणि १२५ मिमी टायरचा परीघ ३९३ मिमी, म्हणजे ताशी ५६ किमी. मैदानात याहून कमीच मिळतो. पिनियन १८ केला तर कागदावर ६७ होतात, पण मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांचा ताप त्याहून वेगाने वाढतो. मोठे टायर लावणं म्हणजेही पिनियन वाढवणंच: १४० मिमीचे लावले तर १५ दातांचा पिनियन जवळपास १७ दातांसारखा वागतो. टायर वाढवले की पिनियन उतरवा.

वायरिंग आणि सेटिंग

बॅटरीला एक्सटी-६० कनेक्टर बरा. हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) आधी वायरीत ओवून घ्या; हे विसरणं फार सोपं आहे. वायर आणि पिन दोन्हींवर वेगवेगळं कथील चढवा, मग एकत्र धरून तापवा. सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिन वाकड्या होतात. बॅटरीचा कनेक्टर बदलताना दोन्ही वायरी एकदम कापू नका, कात्रीच्या पात्यानेच शॉर्ट होतो. एक कापा, जोडा, झाका, मग दुसरी.

मोटर उलटी फिरली तर सेन्सर नसलेल्या मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. सेन्सरची मोटर असेल तर हे करायचं नाही. ए ला ए, बी ला बी, सी ला सीच, आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची.

सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा हात) बसवण्याआधी रिमोट आणि ट्रक चालू करा, ट्रिम (मधली जागा बारीक सरकवणारी रिमोटची सेटिंग) शून्यावर आणा, सर्व्होला मधल्या जागी थांबू द्या, आणि मग हॉर्न काटकोनात लावा. स्टिअरिंग एका टोकाला नेल्यावर सर्व्हो घूं घूं करत राहिला तर तो भिंतीला डोकं लावून उभा आहे. रिमोटमधला एंड पॉइंट (सर्व्होने किती वळायचं ती मर्यादा) आवाज थांबेपर्यंत कमी करा. हे न केल्यास सर्व्हो तर जळतोच, शिवाय तो जास्त करंट ओढून रिसिव्हरचं व्होल्टेज पाडतो आणि ट्रक क्षणभर कुणाचंच ऐकत नाही.

ईएससीला न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण ब्रेक शिकवा. कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सेटिंग) 'लिपो'वर, सेलमागे ३.२ ते ३.४ व्होल्ट. रिसिव्हरच्या अँटेनाच्या टोकाचा ३ सेंमी उघडा भाग कापू नका, नळीत उभा ठेवा. शेवटी ट्रक डब्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, जरा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबलीच पाहिजेत. थांबली नाहीत तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सेटिंग) लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एरवी मात्र रिमोट आधी चालू, शेवटी बंद. चाकं अधांतरी असताना पूर्ण थ्रॉटलही नको, टायर फुगून रिमवरून सुटतो.

टायर चिकटलेले नसतील तर रिमची कड आणि टायरची आतली कड साबणाने धुऊन वाळवा, फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडा, रबर बँड लावून तासभर ठेवा. न धुता चिकटवलेला टायर पहिल्याच वळणात निघतो, कारण साच्यातलं तेल तसंच असतं.

बॉडी पॉलिकार्बोनेटची असेल तर रंग आतून, पातळ हात देत, आणि गडद रंग आधी. चाकाच्या कमानीत आतून जाळीची पट्टी आणि बूट दुरुस्तीचा लवचिक गोंद लावला की तडे फार पुढे जात नाहीत.

मैदानात

३ किलोचा ट्रक ताशी ५० किमीने नडगीवर बसला तर हाड मोडू शकतं. रस्ता नको, मुलं खेळतात ते मैदान नको. सुट्टीच्या दिवशीचं मोकळं मुरुमाचं मैदान किंवा कोकणातला कातळाचा सडा उत्तम. समुद्राची वाळू टाळा. खारं पाणी बेअरिंग आणि मोटर दोन्ही खातं.

पहिली पाच मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर फिरवा, मग थांबून मोटरला बोट लावा. दोन-तीन सेकंद टेकवता आलं तर ठीक. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ८० अंश ही वरची मर्यादा माना. त्याच्या पुढे गेली तर पिनियनचा एक दात कमी. उंच गवत हे मोटरचं सगळ्यांत मोठं ओझं आहे. ज्या गिअरवर मुरुमात मोटर कोमट राहते, त्याच गिअरवर गवतात तिचा वास येतो.

स्लिपर क्लच (धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) असेल तर थांबलेल्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या फूटभरात हलकी 'सुंई' ऐकू यावी. अजिबात नाही आली तर प्रत्येक धक्का सरळ गिअरच्या दातांवर जातोय.

उडी मारताना हवेत थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक दाबला की खाली जातं. जमिनीला टेकण्याच्या क्षणी बोट सोडलेलं हवं. पूर्ण वेगाने फिरणारी चाकं जमिनीला लागून एकदम थांबतात आणि ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफचे दात जातात. उलटा पडलेला ट्रक थ्रॉटल मारून सरळ करायच्या फंदात पडू नका, चालत जा.

५,००० एमएएचची बॅटरी, त्यातलं ८० टक्केच वापरायचं, आणि सरासरी १५ अँपिअर ओढ धरली तर १६ मिनिटं मिळतात. घरी येऊन ती गार झाल्यावरच चार्ज करा, ५ अँपिअरने, बॅलन्स मोडवर (दोन्ही सेल सारखे भरणाऱ्या), फरशीवर आणि नजरेसमोर. पूर्ण चार्ज म्हणजे ८.४ व्होल्ट. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

काळी माती लागली असेल तर पाणी मारू नका, ती फक्त पसरते. रात्रभर वाळू द्या आणि ब्रशने झाडा, पापुद्रे पडतात. पावसाळ्यात 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या ट्रकमध्येही ईएससी आणि सर्व्होच पाण्याला टिकतात, बेअरिंग नाही. चिखलातून आल्यावर चाकं काढा, बेअरिंग पुसा, एकेक थेंब तेल द्या. टायरमधला फोम भिजला असेल तर टायरला ३ मिमीची दोन भोकं पाडा, पाणी फिरताना बाहेर फेकलं जातं.

महिनाभर ट्रक काढायचा नसेल तर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ट्रकबाहेर ठेवा, आणि ट्रक चेसिसखाली लाकडी ठोकळा घालून उचलून ठेवा, म्हणजे टायरचा फोम एका बाजूला दबत नाही.