अंदमानला किती रात्री? परतीच्या विमानापासून उलट मोजा

पॅकेजवर '५ रात्री, ६ दिवस' लिहिलेलं असलं तरी अंदमानात दिवस मोजू नका. पहिला दिवस विमानात जातो, शेवटचा बॅगा भरण्यात. मोजायच्या गोष्टी दोनच : मुक्कामाच्या रात्री किती आणि बेट किती वेळा बदलायचं. बेट एकदा बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

हॅवलॉकहून (आताचं स्वराज द्वीप) नीलला (शहीद द्वीप) खासगी बोट साधारण तासाभरात पोचते. कागदावर तास दिसतो, प्रत्यक्षात असं होतं : हॉटेलं बहुतेक सकाळी आठ-नऊलाच खोली सोडायला सांगतात, जेटीवर तासभर आधी जायचं, ओळखपत्रं दाखवायची, बॅगांना टॅग लावायचे, रांगेत थांबायचं. नीलला उतरून रिक्षा ठरवून हॉटेलवर जावं, तर खोली तयार नसते. बॅगा रिसेप्शनवर, पोरं भुकेली आणि दुपारचा एक वाजलेला. त्यात अंदमान इतकं पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो. दुपारी पोचून थोडी वामकुक्षी घेतली की दिवस संपला. तिथली सकाळ मात्र लवकर होते, ती वापरा.

आता उलट मोजू. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची (विमानतळ इथेच; सप्टेंबर २०२४पासून सरकारी नाव श्री विजयपुरम). यात तडजोड नको. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. बोटीचे पैसे परत मिळतील, पण विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत नऊ वेळा जमतो आणि दहाव्या वेळी सगळ्या कुटुंबाची नवी तिकिटं काढावी लागतात. बोट वेळेवर आली तर ही रात्र फुकट जात नाही; दुसऱ्या दिवशी विमान उशिराचं असेल तर सकाळी पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट उरकता येतं.

स्कूबा करणार असाल तर आणखी एक अट. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानाने उंचीवर गेलात, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास विमान नको. २४ सोडले तर उत्तम. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी करा, शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पहिल्या दिवशी हवामानामुळे हुकला तरी दुसरा दिवस हातात राहतो. हॅवलॉकला तीन रात्री हव्यात त्या यासाठीच : एक दिवस स्कूबाचा, एक राधानगर किनाऱ्याचा.

पहिली रात्रही पोर्ट ब्लेअरला. मुंबई-पुण्याहून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून पोचेपर्यंत दुपार होते, आणि विमान लांबलं तर वेगळ्या काढलेल्या बोटीच्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. तेवढ्या दुपारी सेल्युलर जेल पाहून होतं. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच उभ्या आहेत, तरी दोन तास ठेवा. १९११मध्ये आणलेल्या सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे; जिने चढावे लागतात, गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना आधी सांगा. संध्याकाळी तिथेच ध्वनिप्रकाश कार्यक्रम असतो.

नीलला एक रात्र की दोन, हे ओहोटीवर ठरवा. तिथला नैसर्गिक खडकाचा पूल पाहायला खडकांवरून चालत जावं लागतं आणि ते ओहोटीतच जमतं. दुपारी बाराला पोचून दुसऱ्या दिवशी बाराला निघणार असाल आणि ओहोटी नेमकी बाराच्या सुमारास असेल, तर दोन्ही दिवस हुकते. कोकणातला 'तिथीची पाऊणपट' (म्हणजे तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती) हा हिशेब इथे चालत नाही, तेव्हा पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणीही जास्त उतरतं.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगचा गाड्यांचा ताफा गाठावा लागतो. परतायला दुपार टळते. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र आहे, म्हणून गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. आठ रात्रींपेक्षा कमी असतील तर बाराटांग खुशाल वगळा.

आता आकडे. चार रात्री : पोर्ट ब्लेअर १, हॅवलॉक २, पोर्ट ब्लेअर १. पाच असतील तर जास्तीची रात्र हॅवलॉकला द्या. नील कोंबलंत तर सुट्टीभर बॅगाच उचलाल. सात म्हणजे १, ३, नीलला २ आणि शेवटी १. आमच्या मते कुटुंबासाठी हाच चांगला हिशेब. आठवी रात्र बाराटांगची, ती शेवटच्या पोर्ट ब्लेअरच्या मुक्कामात घाला. उत्तरेकडच्या दिगलीपूरला रस्त्याने जायला अख्खा दिवस लागतो, तेव्हा दहा रात्रींखाली त्याचा विचारही नको. चारपेक्षा कमी असतील तर गोकर्ण-गोवा बरं.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी एक रात्र वाढवावी. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. आपल्याकडे ती वाचून बरं वाटतं, तिथे जेटीवर मात्र बोट रद्द झाल्याचा फलक लागतो. दिवाळीच्या सुट्टीतही पाऊस आणि वादळाची शक्यता असते, तेव्हाही हेच.

तिकिटांचा क्रम असा : आधी विमान, मग बोटी, शेवटी हॉटेलं. वार मात्र त्याआधी पाहा. जेल, रॉस, गुहा कोणत्या वारी बंद असतात ते तपासा. बंदचा वार बेट बदलण्याच्या दिवशी आला तर काहीच हुकत नाही.