सेलमधली मोठी हार्ड डिस्क घेताना

४ किंवा ८ टीबीची हार्ड डिस्क 'नवी' म्हणून स्वस्तात मिळते, आणि ती कधीकधी सर्व्हरमधून काढून, पुसून पुन्हा पॅक केलेली निघते. इंदूरला सिल्व्हर मॉलमधून घेत असाल तर पैसे देण्याआधी डिस्क तिथेच कॉम्प्युटरला जोडून दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर सरळ पुढचं दुकान गाठा.

१. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्राम उघडा. वर उजवीकडे 'पॉवर ऑन अवर्स' लिहिलेलं असतं. नव्या डिस्कचे तास शून्य किंवा अगदी थोडे हवेत. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे २०,००० दिसले तर ती डिस्क सव्वादोन वर्षं अहोरात्र फिरलेली आहे.

२. खालच्या यादीत ०५ आणि सी५ (05, C5) या ओळींचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा खराब वाटणाऱ्या जागांच्या नोंदीचा, शेवटचा आकडा बघा. सगळी शून्यं हवीत. नसतील तर भाव कितीही कमी करून दिला तरी घेऊ नका, घरचे फोटो त्यावरच जाणार आहेत.

३. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते, ती फसवणूक नव्हे.



एक मात्र लक्षात ठेवा: तासांचा आकडा शून्यावर आणता येतो, म्हणून वॉरंटीची पायरी गाळू नका.