चॅट्सवर्थचा रमणा : तीन पिढ्यांनी मिळून चालायची नदीकाठची वाट

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे राहायला आले, की त्यांना कुठे न्यायचे हा प्रश्न दरवर्षी पडतो. संग्रहालये आणि राजवाडे पाहून पाय दुखतात, दुकानांत मुले कंटाळतात. अशा वेळी एक संपूर्ण दिवस डर्बीशरमधल्या डर्वेंट नदीच्या काठाने चालण्यासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. बॅस्लो या गावापासून डेव्हनशरच्या ड्यूकांच्या चॅट्सवर्थ वाड्यापर्यंत आणि पुढे एडन्सर या खेड्यापर्यंत जाणारी ही वाट पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येते. वाडा आणि त्याची बाग पाहायला तिकीट लागते. परंतु भोवतालच्या विस्तीर्ण रमण्यातून, म्हणजे वाड्याच्या राखीव कुरणातून, पायी फिरण्यास काहीही शुल्क नाही.

वाट आखताना एकूण अंतरापेक्षा परत कुठून फिरता येईल याचा विचार आधी करावा. बॅस्लोपासून वाड्यासमोरचा पूल सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि तेथून एडन्सर पाऊण किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच ते सहा किलोमीटर होतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पुलापर्यंत येऊन नदीकाठी बसावे, इतरांनी पुढे जाऊन यावे, हे निघण्यापूर्वीच सर्वांच्या संमतीने ठरवून टाकावे. तसे ठरलेले नसले, की आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होतो आहे या संकोचाने वडीलधारी माणसे दमल्याचे बोलतच नाहीत आणि मग परतीची वाट सगळ्यांनाच जड जाते.

पायांत काय घालावे याविषयी मी स्वानुभवाने सांगतो. पहिल्या वर्षी आईला मोज्यांवर नेहमीच्या चपला घालून नेले होते. ऊन लख्ख पडलेले होते, म्हणून मीही फारसा विचार केला नाही. पण रात्रीच्या पावसाने गवत ओलेच होते. अर्ध्या तासात तिचे मोजे भिजले, पावलांबरोबर चपला सरकू लागल्या आणि आम्हाला पूल दिसण्याआधीच माघारी फिरावे लागले. तेव्हापासून पकड असलेले बंद बूट, प्रत्येकासाठी एक जास्तीचा मोज्यांचा जोड आणि पातळ रेनकोट यांशिवाय आम्ही निघत नाही. साडी नेसायचीच असेल तर ती घोट्याच्या वर राहील अशी नेसावी.

सुरुवात बॅस्लोच्या नेदर एंड भागातून करावी. लहानसा ओढा ओलांडून गवताने शाकारलेल्या जुन्या घरांजवळून वाट पुढे जाते आणि शेतांच्या कडेने रमण्याच्या सीमेवर पोहोचते. तेथील फाटक मुलांना थांबून पाहू द्यावे. गुरांना ओलांडता येऊ नये आणि माणसाला मात्र सहज जाता यावे, यासाठी इंग्लंडमध्ये आडव्या पायऱ्यांची किंवा झुलत्या दारांची फाटके असतात. हे फाटक मात्र पिंजऱ्यासारखे गोल फिरते. त्यामुळे बाबागाडी किंवा चाकांची खुर्चीही त्यातून नेता येते. पुलापर्यंतची पुढची वाट रुंद आणि जवळजवळ सपाट असल्याने नातवंडांची गाडी आजोबांनी ढकलली तरी हरकत नाही.

येथून उजव्या हाताला डर्वेंट आणि समोर हिरवळीत विखुरलेली एकेकटी मोठी झाडे, असे दृश्य सुरू होते. हे सगळे निसर्गतःच असे आहे असे वाटते. प्रत्यक्षात १७५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चौथ्या ड्यूकसाठी लान्सेलॉट ब्राउन या भूदृश्यकाराने जुनी आखीव बाग मोडून हा देखावा रचला. त्याच काळात जेम्स पेन याने तीन कमानींचा दगडी पूल बांधला. म्हणून या रमण्यातून जाताना दर थोड्या वेळाने थांबून मागे वळून पाहावे. वळणावर वाडा झाडांआड जातो आणि पुढच्या चढावर पुन्हा उघडा पडतो. मुलांना टेकडीवरच्या झाडीतला १५८०च्या दशकातला शिकारी बुरूज शोधायला सांगितले, की त्यांचे पाय आपोआप उचलतात.

पुलाच्या अलीकडे खंदकाने वेढलेला एक चौकोनी दगडी चौथरा लागतो. त्याला राणी मेरीचा लतामंडप म्हणतात. स्कॉटलंडची राणी मेरी हिला इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत असताना अनेकदा चॅट्सवर्थला ठेवले होते. शिदोरी सोडण्यासाठी याच परिसरातली नदीकाठची हिरवळ मला सर्वांत सोयीची वाटते. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी आणि लाडू यांसारखे हातात धरून खाता येईल आणि थंड झाले तरी चवीला लागेल असे पदार्थ न्यावेत. चूल किंवा बार्बेक्यू पेटवू नये आणि पिशवीतला कचरा पिशवीतूनच घरी आणावा. केळ्याची सालही तेथे टाकू नये.

केळ्यावरून आठवले म्हणून सांगतो, कारण जळगावकडच्या माणसाला हे ऐकून आनंद होईल. सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३०च्या दशकात येथील काचघरात केळीची एक जात वाढवली आणि ड्यूकच्या घराण्याच्या आडनावावरून ती कॅव्हेंडिश म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्याकडची बसराई आणि आजची ग्रँड नैन या दोन्ही केळी त्याच कॅव्हेंडिश गटातल्या आहेत. माझ्या सासऱ्यांनी यावलजवळ आयुष्यभर बसराई लावली. हे समजल्यावर ते पुलाच्या कठड्याला टेकून वाड्याकडे कितीतरी वेळ पाहत उभे होते.

पूल ओलांडून चढाने थोडे वर गेले, की मागे वळून वाडा, त्यामागचे जंगल आणि चालू असेल तर सम्राट कारंजे एका नजरेत दिसते. रशियाच्या झार निकोलसच्या स्वागतासाठी पॅक्स्टनने ते १८४४मध्ये उभारले. झार मात्र चॅट्सवर्थला आलाच नाही. टेकडीवरच्या तळ्यातले पाणी केवळ उताराच्या दाबाने त्यातून उसळते, हे शाळकरी मुलांना जागेवर समजावून सांगण्यासारखे आहे.

पुढचे एडन्सर म्हणजे लिहिण्यात एक आणि बोलण्यात ‘एन्झर’. सहाव्या ड्यूकच्या काळात जुने गाव बहुतांशी पाडून ते १८३८ ते १८४२च्या सुमारास आताच्या जागी नव्याने वसवले गेले. घरांच्या धाटणी वेगवेगळ्या असल्यामुळे एकसारखी दोन घरे कोण शोधते, अशी पैज मुलांशी लावावी. चर्चच्या दफनभूमीत पॅक्स्टनची कबर आहे आणि वरच्या बाजूला ड्यूकच्या घराण्यातील कबरींमध्ये कॅथलीन केनेडीचीही आहे. तिचा नवरा, दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा, १९४४मध्ये युद्धात मारला गेला आणि १९४८मध्ये विमान अपघातात तिचा मृत्यू झाला. तिचे भाऊ, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी, २९ जून १९६३ रोजी या कबरीपाशी येऊन गेले. त्यानंतर पाच महिन्यांतच त्यांची हत्या झाली. येथे मुलांना आवाज खाली ठेवायला सांगावे.

ताकद शिल्लक असलेल्यांनी पुलापाशी परतून नदीच्या पश्चिम काठाने दक्षिणेकडे सुमारे दीड किलोमीटर, पेनच्या पडक्या पाणचक्कीपर्यंत जावे. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर हा भाग टाळावा, कारण नदीकाठची कुरणे चिखलाने भरतात. बंधाऱ्यांजवळ लहान मुलांचा हात सोडू नये. वरून संथ दिसणारे पाणी तेथे ओढ घेते.

रमण्यात मेंढ्या आणि हरणे मोकळी फिरतात. जूनच्या आसपास पाडसे गवतात निश्चल पडून असतात; ती टाकून दिलेली नसतात, त्यांना हात लावू नये. ऑक्टोबरात नर झुंजतात, तेव्हा तर लांबूनच पाहावे. कुत्रा असल्यास पट्टा सोडू नये. उंच गवतातून आणि नेच्यांतून चालल्यावर घरी येऊन पायांवर, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली नाही ना हे तपासावे. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत चालायला लागलेले बरे.

बॅस्लोला परतल्यावर वेळ असेल तर जुन्या पुलाजवळच्या चर्चच्या घड्याळाकडे मुलांना नेऊन उभे करावे. त्याच्या एका तबकडीवर बारा आकड्यांच्या जागी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची आठ इंग्रजी अक्षरे आणि तिच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांच्या सोहळ्याचे १८९७ हे साल आहे. किती वाजले ते आधी कोण सांगतो, यावर आमच्याकडे आजी आणि नातीत दर वेळी चुरस लागते आणि आजवर बहुतेकदा आजीच जिंकली आहे.